कलेच्या वर्गात ऐरण हवी

माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत कला हा विषय जिथे शिकवला जातो, तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा कागद, रंग आणि फार तर थोडी माती एवढाच उरतो. धातूकाम आणि दागिने घडवणे यांना काही शाळांच्या कलाविभागांत जागा मिळालेली असली, तरी ती पाहुण्याची जागा असते. निधी आटला, खोली दुसऱ्या कामाला लागली किंवा शिकवणारी व्यक्ती निवृत्त झाली, की पहिली कुऱ्हाड याच विषयावर पडते. अशा वेळी त्याची बाजू घेणारे लोक एक ठरलेला युक्तिवाद पुढे करतात, तो म्हणजे हे कौशल्य पुढे रोजगार मिळवून देते. हा युक्तिवाद दुबळा आहे आणि त्याने विषयाचे नुकसानच केले आहे, असे माझे मत आहे. वर्गातल्या मुलांपैकी सोनारकाम पत्करणारी मुले फार थोडी असणार, हे उघड आहे. शिवाय रोजगार हीच कसोटी मानली, तर मग हा विषय व्यवसाय-प्रशिक्षणाच्या संस्थेत न्यावा, असे कोणीही म्हणू शकतो आणि शाळांचे व्यवस्थापक नेमके तेच म्हणतात. धातूकाम कलेच्या वर्गात हवे, कारण ते कलाच शिकवते, आणि कलेचा जो भाग कागदावर शिकवता येत नाही तो शिकवते.

तो भाग कोणता, हे कामाच्या अगदी जवळ जाऊनच सांगावे लागेल. तांब्याच्या पत्र्यावर पानाचा आकार आखून तो बारीक करवतीने कापायचा, हे साधारणपणे पहिले काम असते. या करवतीचे पाते अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते आणि त्याचे दात मुठीकडे वळलेले असतात, त्यामुळे ते खाली येतानाच कापते. नवशिक्या विद्यार्थी जोर लावतो आणि पाते तुटते. दुसरे लावतो, ते वळणावर तुटते, कारण वळणावर करवत वळवायची नसते, ती जागच्या जागी वरखाली चालू ठेवून पत्रा हळूहळू फिरवायचा असतो. हे शब्दांत सांगून कळत नाही. काही पाती मोडल्यावर मनगट आपोआप सैल होते, करवत सरळ उभी राहते आणि रेषा जशी आखली तशी कापली जाऊ लागते. आखलेली रेषा आणि कापलेली रेषा यांत किती अंतर असते, हे विद्यार्थ्याला इथे पहिल्यांदा कळते. आणि पुढच्या वेळी तो आराखडा काढतो तेव्हा त्यात विनाकारण घातलेली नागमोडी वळणे नसतात. हा आराखड्याचा, म्हणजे चित्रकलेचाच धडा आहे, पण तो धातूने दिलेला आहे.

अंगठीचे उदाहरण याहून बोलके आहे. समजा, आतला व्यास 17 मिलिमीटर हवा आहे आणि पट्टी 1.5 मिलिमीटर जाडीची आहे. भूमितीत पुरेसे गुण मिळवणारी विद्यार्थिनीही सहसा 17 ला पायने (π) गुणते, 53.4 मिलिमीटर लांबीची पट्टी कापते, वाकवते, जोडते आणि मग ती अंगठी बोटाच्या पेरावर अडकून बसते. पट्टी वाकताना तिची आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी कायम राहते ती मधल्या थराची. म्हणून व्यासात पट्टीची जाडी मिळवून, 18.5 ला पायने गुणून, सुमारे 58.1 मिलिमीटर लांबी घ्यावी लागते. ती न घेतल्यामुळे तयार झालेल्या अंगठीचा आतला व्यास 15.5 मिलिमीटरच भरतो. वहीतले वर्तुळ जाडी नसलेल्या रेषेचे असते आणि जगातल्या प्रत्येक वर्तुळाला जाडी असते, ही गोष्ट तिला कोणी बोलून दाखवावी लागत नाही. ती अंगठी पुन्हा कापून, तुकडा घालून जोडता येते किंवा करंगळीसाठी ठेवून देता येते. मात्र आपली चूक तीन दशांश मिलिमीटरची आहे की तीन मिलिमीटरची, हे ओळखण्याची सवय त्यानंतर सुटत नाही.

धातू ठोकला की कडक होतो, हेही असेच. तांब्याचा मऊ पत्रा ऐरणीवर हातोडीने ठोकत गेले की काही वेळाने हातोडीचा आवाज बदलतो, पत्रा परतून उसळू लागतो आणि तरीही ठोकत राहिले तर कडेला चीर जाते. धातूच्या आतल्या स्फटिकांच्या रचनेतले दोष एकमेकांत अडकून बसल्यामुळे हे घडते आणि त्यावर उपाय म्हणजे ताव देणे: पत्रा मंद लाल दिसेपर्यंत तापवला की रचना पुन्हा सुटी होते आणि धातू मऊ पडतो. इथे एक गंमत आहे. लाल तापवलेले पोलाद पाण्यात बुडवले तर ते अधिक कडक होते. तांबे तसेच बुडवले तरी मऊच राहते. पोलादाबद्दल ऐकून आलेली मुले तांबे बुडवायला कचरतात, आणि मग हाताने वाकवून बघतात तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. झाळण्याच्या, म्हणजे सोल्डर नावाचा लवकर वितळणारा धातू वापरून सांधा जोडण्याच्या वेळी तर धातूचा स्वभाव आणखी स्पष्ट दिसतो. सांध्यावर टाकणखार लावून सोल्डरचा बारीक तुकडा ठेवला आणि ज्योत थेट त्या तुकड्यावर धरली, तर तो गोळा होऊन बसतो आणि सांध्यात शिरत नाही. ज्योत सोल्डरवर न धरता दागिन्यावर धरायची असते. दोन्ही बाजू सारख्या तापल्या की सोल्डर क्षणार्धात चकाकत फटीतून पळतो, कारण तो उष्णतेच्या दिशेने जातो. फट मोठी असेल तर मात्र तो ती भरत नाही. म्हणजे सांधा झाळण्याआधीच कानशीने नीट बसवलेला असावा लागतो, आणि जी चूक कानस चालवताना झाली ती ज्योतीने झाकली जात नाही.

यावर असे विचारता येईल की हे सारे विज्ञानाच्या तासाला का शिकवू नये. द्रवणांक, केशाकर्षण, स्फटिकरचना, ऑक्सिडीकरण हे विषय तिथले आहेत, हे खरेच. परंतु विज्ञानाच्या तासाला प्रयोग उत्तरापाशी संपतो, तर इथे उत्तर मिळाल्यावर निर्णय सुरू होतो. तांबे ठोकल्याने ताठर होते हे कळलेली विद्यार्थिनी ठरवू शकते की बांगडीवरचे हातोडीचे ठसे घासून काढायचे नाहीत, कारण त्यांच्यामुळे पृष्ठभागाला पोतही आला आहे आणि पातळ पत्र्याला बळही आले आहे. रूप आणि रचना एकाच कृतीतून निघाली, हे तिच्या हाताला कळले. झाळताना चांदीच्या मिश्रधातूवर येणारा काळपट थर काढून टाकायचा की नक्षीच्या खोलगट भागात मुद्दाम राहू द्यायचा, हाही सौंदर्याचाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. साधनाच्या मर्यादेतून रूप शोधणे हे कलाशिक्षणाचे मर्म असेल, तर ज्या माध्यमाच्या मर्यादा इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्ट बोलतात ते माध्यम वर्गाबाहेर ठेवणे अनाकलनीय आहे.

कला आणि धातूकाम यांची फारकत जुनी वाटली तरी ती तशी अलीकडची आहे. 1401 साली इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या कांस्यदारांसाठी जी स्पर्धा झाली, तिच्यात आघाडीवर राहिलेले गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की हे दोघेही सोनारकामात तयार झालेले होते. त्यांतला दुसरा पुढे त्याच शहराच्या प्रमुख चर्चच्या घुमटाचा कर्ता ठरला. जर्मन चित्रकार ड्यूररने आधी वडिलांच्या सोनारशाळेत हात बसवला आणि मग तो चित्रकाराकडे शिकायला गेला. छापचित्रांसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करताना वापरले जाणारे टोकदार हत्यार मुळात सोनारांचेच. मोहेंजोदडोची जेमतेम 10.5 सेंटिमीटर उंचीची नर्तिका मेणाच्या साच्यातून ओतलेली आहे, आणि चार हजारांहून अधिक वर्षांनंतर अंगठ्या ओतण्याची पद्धत तत्त्वतः तीच आहे: मेणाची प्रतिकृती करायची, तिच्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. शिल्पकला एका दालनात आणि दागिने दुसऱ्या दालनात ही वाटणी संग्रहालयांनी आणि अकादमींनी केली. करणाऱ्यांच्या हातांनी ती कधी पुरती मानली नाही.

शाळांमध्ये मात्र हस्तकामाचा शिरकाव कलेच्या दारातून झाला नाही. फिनलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ उनो सिग्नेयस यांच्या आग्रहामुळे 1866 च्या कायद्याने लोकशाळांत हस्तकला सक्तीची झाली, तेव्हा हेतू व्यक्तिमत्त्वाच्या घडणीचा होता. त्याच सुमारास मॉस्कोच्या तंत्रशाळेत व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी निराळीच पद्धत बसवली. तिच्यात कामाचे तुकडे पाडून कापणे, घासणे, जोडणे असे सुटे व्यायाम क्रमाने करून घेतले जात. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही पद्धत मांडली गेली आणि अमेरिकेतल्या हस्तप्रशिक्षण शाळांवर तिचा मोठा प्रभाव पडला. कारखान्यांना कामगार हवे होते आणि सुटे व्यायाम मोजायला सोपे होते. या दोन धारांपैकी दुसरी प्रबळ ठरली, असे मला वाटते, आणि आजचा गैरसमज तिथूनच आला: धातू म्हणजे कार्यशाळा, कार्यशाळा म्हणजे अभ्यासात मागे पडणाऱ्यांची सोय. परिणामी कलेच्या वर्गातल्या मुलांना हत्यार मिळाले नाही आणि कार्यशाळेतल्या मुलांना आराखडा करण्याचा अधिकार मिळाला नाही. दोन्हीकडच्या मुलांचे नुकसान झाले, दुसऱ्यांचे अधिक.

या वाटणीला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे मुलगे आणि मुली. धातू मुलग्यांचा आणि दागिने मुलींचे, अशी समजूत इतकी मुरलेली आहे की एकाच टेबलावर दोन्ही आले तर काही पालकांनाही अवघडल्यासारखे होते. बाउहाउस या जर्मन कलाशाळेतही, जिथे 1919 पासून कला आणि कारागिरी एकत्र आणण्याचा उघड संकल्प होता, स्त्रियांना बहुधा विणकामाच्या विभागाकडे वळवले जाई. मारियान ब्रांट 1924 साली धातूविभागात आल्या तेव्हा सुरुवातीला त्यांच्या वाट्याला कंटाळवाणी ठोकाठोक आली, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी त्यांनी घडवलेली चहाची छोटी किटली आज आधुनिक वस्तुरचनेच्या इतिहासात मानाने दाखवली जाते, आणि 1928 मध्ये त्या विभागाची धुरा काही काळ त्यांच्याकडेच आली. कलेच्या वर्गातला दागिना हा विषय मुलीच्या हातात ज्योत देतो आणि मुलग्याला अलंकरणाचा विचार करायला लावतो. समतेवरची भाषणे न करता हे होते, म्हणून ते मला अधिक मोलाचे वाटते.

आता आक्षेपांकडे. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती उघडी ज्योत, आम्ल आणि फिरते यंत्र देणे ही जबाबदारी आहे. मात्र भीती चुकीच्या जागी बसलेली असते. ज्योतीला सगळेच घाबरतात, म्हणून ज्योतीपाशी सगळेच सावध असतात; माझ्या मते त्याहून अधिक धाक पॉलिशच्या मोटरचा असायला हवा. फिरत्या चाकात साखळी, सैल बाही किंवा मोकळा केस अडकला की विचार करायला क्षणही मिळत नाही. साखळी हाताने पॉलिश करावी, यंत्रावर कधीच नाही, हा नियम शाळेने डोळे मिटून पाळावा. खरे तर शाळेत ती मोटर नसली तरी काही अडत नाही, पॉलिशपेपर आणि हात पुरतात. झाळल्यावरचा काळपटपणा काढण्यासाठी तीव्र गंधकाम्लाऐवजी सोडियम बायसल्फेटचे सौम्य द्रावण किंवा सायट्रिक आम्ल चालते. त्यात लोखंडी चिमटा घातला की द्रावणातले तांबे चांदीच्या वस्तूंवर चढून त्या गुलाबी दिसू लागतात, आणि चिमटा तांब्याचा का हवा हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. सोल्डर शिसे आणि कॅडमियम या दोन्हींपासून मुक्त असलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पितळ गरजेपेक्षा जास्त तापले तर त्यातल्या जस्ताचा धूर निघतो, म्हणून हवा खेळती हवी, नुसती उघडी खिडकी पुरत नाही. आणि ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात त्या स्वस्त मिश्रधातूत चांदी अजिबात नसते, निकेल मात्र असते. निकेलमुळे अनेकांच्या त्वचेवर पुरळ येते, म्हणून युरोपीय संघाने 1994 सालीच त्वचेला लागणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. कानातल्यांसाठी ते शाळेत वापरू नये.

ज्या शाळेत धूर ओढून घेणारी व्यवस्था नाही आणि एका शिक्षकाला तीस मुले सांभाळावी लागतात, तिथे ज्योत पेटवूच नये, हे मला मान्य आहे. पण त्यामुळे विषयच रद्द करण्याचे कारण नाही. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी आयुष्यात सुमारे 1,800 दागिने घडवले. त्यांतले बहुतेक तार ठोकून, वळवून, गुंडाळून आणि रिबिटांनी जोडून केलेले आहेत. झाळकाम त्यांनी फार क्वचित केले. त्यांच्या तारेच्या वळणांत जो जिवंतपणा आहे तो झाळलेल्या सांध्याच्या अभावामुळेच आला, असेही म्हणता येईल, कारण प्रत्येक जोड उघड दिसतो आणि तो जोडच नक्षी होतो. करवत, कानस, हातोडी, रिबीट आणि तार एवढ्यावर वर्षभराचा उत्तम अभ्यासक्रम उभा राहू शकतो.

खर्चाचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. चांदीची गरज नाही; तांबे आणि पितळ पुरतात, कापलेले तुकडे परत वापरता येतात, आणि ऐरण, हातोड्या, कानशी नीट ठेवल्या तर त्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना पुरतात. रंगांच्या नळ्या दर वर्षी संपतात.

आणखी एक आक्षेप नव्या काळाचा आहे: आज दागिन्याचा आराखडा संगणकावर होतो, मेणाची प्रतिकृती त्रिमितीय छपाईयंत्र काढून देते, मग करवत कशाला? ही साधने शाळेत असावीत, मला त्यांच्याशी वैर नाही. परंतु पडद्यावर भिंतीची जाडी दहा पट वाढवता येते किंवा कमी करता येते, आणि दोन्ही वेळा आकृती तितकीच सुबक दिसते. कोणती जाडी वाकेल, कोणती ओतताना भरणार नाही, कोणती कड त्वचेला टोचेल, हे पडद्याला सांगता येत नाही. ज्याने कानस चालवली आहे त्याला ते दिसते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी हात, मग पडदा. उलट क्रमाने शिकवलेली मुले सुंदर चित्रे करतात आणि ती घडवायला दुसऱ्याकडे देतात.

दागिना मुळात किरकोळ, सजावटी, बाजारू आहे, त्यात कला कसली, असेही काही कलाशिक्षक खासगीत म्हणतात. त्यांनी दागिने घडवणारे स्विस कलावंत ओट्टो क्युन्झ्ली यांचे 1980 मधले काळ्या रबराचे कडे आठवावे. त्याच्या आत सोन्याचा गोळा आहे. बाहेरून फक्त फुगवटा दिसतो, सोने दिसत नाही आणि ते खरोखर आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. सोने आंधळे करते, असे त्या कामाचे नाव आहे. मौल्यवान म्हणजे काय, दाखवणे म्हणजे काय, अंगावर का घालायचे, हे प्रश्न एका कड्यात मावतात, आणि ज्या वयात मुले आपण कसे दिसतो याचा सर्वाधिक विचार करतात त्या वयात हे प्रश्न त्यांना परके वाटत नाहीत. चित्र भिंतीवर राहते. दागिना माणसाबरोबर चालतो, घासला जातो, कपड्यात अडकतो. आपली कलाकृती दुसऱ्याच्या शरीराला त्रास देऊ शकते, ही जाणीव इतर माध्यमांतून इतक्या थेटपणे येत नाही.

मात्र या साऱ्याचा फायदा तयार संच आणून होणार नाही. मणी ओवायचे, तयार कड्या जोडायच्या, हुक लावायचा आणि तासाच्या शेवटी प्रत्येकाने काहीतरी घालून बाहेर पडायचे, असे वर्ग मी धातूकामात धरत नाही. त्यात मजा असते, पण धातूने नकार देण्याची वेळच येत नाही. मूल्यमापनही याच कारणाने बदलावे लागेल. तयार वस्तूच्या चकाकीला गुण दिले की मुले सोपा आकार निवडतात किंवा शिक्षकांकडून शेवटचा हात मारून घेतात. त्याऐवजी नमुन्याचे तुकडे, फसलेले सांधे, मोजमापांची वही आणि दुसऱ्या प्रयत्नात काय बदलले याची नोंद, यांना गुण मिळायला हवेत, आणि फसलेल्या तुकड्याला त्याच्या कारणासहित तयार दागिन्याइतके वजन हवे.

शिकवणारे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो आणि तोच सर्वांत अवघड आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चांदीकाम करणाऱ्या मार्गरेट क्रेव्हर यांनी जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी धातूकाम शिकवण्याचा कार्यक्रम उभा केला, आणि 1947 ते 1951 या काळात खास शिक्षकांसाठी चांदीकामाच्या उन्हाळी कार्यशाळा भरवल्या. कार्यशाळेतून गेलेले शिक्षक परत जाऊन आपापल्या संस्थांत शिकवू लागले आणि मोजक्या माणसांतून हा विषय दूरवर पोहोचला. आधी शिक्षक घडवायचे, मग वर्ग उघडायचे, हा क्रम आजही लागू पडतो. उलट केले तर ऐरण कोपऱ्यात गंजते. चित्रकलेच्या शिक्षकाला काही आठवड्यांचे नीट प्रशिक्षण मिळाले तर करवत, कानस आणि रिबीट यांपुरते तो निश्चित शिकवू शकेल. ज्योतीसाठी मात्र अनुभवी कारागीर हवा, आणि त्याच्याकडे पदवी नाही म्हणून त्याला वर्गात येऊ न देणारे नियम सैल करावे लागतील.

वेळापत्रकाचेही तेच. चाळीस मिनिटांच्या तासात हत्यारे मांडणे आणि आवरणे यातच निम्मा वेळ जातो, आणि तापवलेला तुकडा निवेपर्यंत घंटा होते. शाळेने या विषयाला सलग दोन तास द्यावेत, एका वेळी पंधरापेक्षा जास्त मुले बसवू नयेत आणि पहिल्या सहा महिन्यांत ज्योत पेटवण्याची घाई करू नये. एवढे देता येत नसेल, तर वर्षभर फक्त करवत आणि कानस चालवावी; पालकांना दाखवण्यापुरत्या चकचकीत अंगठ्या बाहेरून पॉलिश करून आणू नयेत.